मैदानांना कुलूप, आणि म्हणे प्रेक्षक नव्हते

महिला फुटबॉलची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो: ‘इंग्लंडमध्येसुद्धा बायकांचा फुटबॉल हे अलीकडचं खूळ. पूर्वी बघायला कोणी जात नव्हतं, म्हणून तो वाढला नाही. बंदी घातली ती तब्येतीच्या काळजीपोटी.’ तीन वाक्यं, तिन्ही फसवी.

‘अलीकडचं’ लगेच निकालात काढू. लंडनच्या क्राउच एंडला बायकांचा जाहीर सामना झाला तो मार्च १८९५ मध्ये.

आता प्रेक्षक. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यातल्या मुलींचा संघ विरुद्ध सेंट हेलन्स. आत ५३,००० माणसं, शिवाय जागा नाही म्हणून हजारो लोक दारातूनच परत गेले. त्यात डिक-करची हुकमी गोल करणारी फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकलेली! मग एरवी बचाव सांभाळणारी कर्णधार अ‍ॅलिस केल उत्तरार्धात पुढे सरकली आणि हॅटट्रिक करून मोकळी झाली. निकाल ४-०. त्याआधी दहाच दिवस प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर याच संघाचा सामना चक्क रात्री झाला होता. लष्कराचे सर्चलाइट मागवले, अंधारात चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला. डिसेंबरच्या त्या थंडीत १२,००० लोक आले.

एक मान्य करायला हवं. गुडिसनची गर्दी रोजची नव्हती. नाताळची सुट्टी होती, पैसा धर्मादायाला जाणार होता. पण ‘कोणी जात नव्हतं’ याला काय म्हणायचं?

राहिली तब्येत. ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेनं, ठराव केला, की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत बायका तोफगोळे बनवत होत्या, तेव्हा ही काळजी कुठे होती कोण जाणे. आणि ठराव नुसता तब्येतीवर थांबला नव्हता. जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, धर्मादायाला कमी पडतो, अशी तक्रारही त्यातच होती. म्हणजे पैसा जमत होता; प्रेक्षकच नसते तर तो आला कुठून?

खेळणं गुन्हा ठरलं नाही, एवढं खरं. नुसतं मैदान गेलं. पण हजारोंना बसायची सोय होती ती त्याच मैदानांवर. डिक-करचा संघ उद्यानांत, रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिला. १९२२ मध्ये अमेरिकेत जाऊन तर पुरुषांच्या संघांशीही खेळून आला. चौदाव्या वर्षी संघात आलेली लिली पार १९५१ पर्यंत खेळली, पुढे मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून राबली. इंग्लिश फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिचं नाव लागलं २००२ मध्ये, ती गेल्यावर चोवीस वर्षांनी.

संघ १९६५ मध्ये बंद झाला. बंदी तेव्हाही तशीच होती.