बोटाला सुई टोचून पक्षाघात बरा होत नाही

'अँब्युलन्स यायला तास लागतो, तोवर हे करा' असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, पक्षाघात झाला तर दहाही बोटांना सुई टोचा, अपघातात सापडलेल्याला हात लावू नका, आणि 108 ला फोन करून काही उपयोग नाही. आमच्या मावशीने तो नुसता पुढे पाठवला नाही, पर्समध्ये सेफ्टी पिन आणि लायटरही ठेवलाय. तिला बीपी, काकांना शुगर. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी सुईचंच बघू. मेसेज म्हणतो, पेशंटला हलवू नका, सुई तापवा, प्रत्येक बोटातून वाटाण्याएवढा थेंब येईपर्यंत टोचा, तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईस्तोवर ओढा. अहो, मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलीय किंवा फुटलीय, बोटातून रक्त काढून तिथे काय होणार? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी रक्तस्राव नाही ना, हे बघायला सीटी स्कॅन. सीटीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठण्यातच खेड्यातल्या माणसाचा निम्मा वेळ जातो, आणि हे घरी बसून कान ओढणार! तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा आणि फोन लावा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ठसका लागतो.

खोकण्यात तिळाएवढं तथ्य आहे. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हॉस्पिटलात अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेल्या पेशंटचे ठोके अचानक बिघडले, तर डॉक्टर कधीकधी त्याला खोकायला सांगतात. पण घरी हे करा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणत नाही, उलट नाहीच म्हणते. हृदय बंद पडलं की काही सेकंदांत शुद्ध जाते, मग खोकणार कोण? तेव्हा जवळ असलेल्याने छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहायचं.

अपघाताचं म्हणाल तर 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायदेशीर कारवाईपासून संरक्षण आहे. विषय संपला.

108 उशिरा येते, हे मात्र नाकारत नाही. महाराष्ट्रात 2014 मध्ये सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांवर, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 1 लाख 20 हजार माणसांमागे एक गाडी. उशीर होणारच. पण म्हणून फोनच करायचा नाही? सेवा फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. आधी जिल्हा, तालुका, गाव सांगा, मग खूण. 'मारुतीच्या देवळामागे' एवढ्यावर पलीकडच्याला काय कळणार? एकाला फाट्यावर उभं करा, फोन मोकळा ठेवा. गाडी कुठे आहे ते विचारा. फारच लांब असेल तर त्यांना सांगून शेजाऱ्याची गाडी काढा, पण छातीत दुखणाऱ्याने स्वतः स्टिअरिंग धरायचं नाही.