मोहनगडचं पाणी म्हणजे सरस्वती नव्हे

डिसेंबर २०२४च्या अखेरीस जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडला बोअर मारताना पाण्याचा लोट उसळला आणि बोअरची गाडीच जमिनीत गेली. तो व्हिडिओ ‘सरस्वती प्रकटली’ म्हणून फिरला. असे मेसेज आणखी दोन गोष्टी सांगतात: इंग्रजांनी या नदीला भाकडकथा ठरवलं होतं, आणि हडप्पा काळात (शहरांचा भर सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी) ती हिमालयातून दुथडी भरून वाहायची, ती आटली म्हणून शहरं उठली. सरस्वतीबद्दल आस्था असणाऱ्यांनी तरी हे पुढे पाठवू नये.

‘सरस्वती प्रकटली’: बोअर सुमारे ८५० फूट खोल गेला होता. चिकणमातीच्या घट्ट थराखाली दाबात कोंडलेलं भूजल वाट मिळताच उसळलं आणि दोनेक दिवसांत आपोआप थांबलं.

‘इंग्रजांनी भाकडकथा ठरवलं’: ब्रिटिश लष्करातले सर्जन सी. एफ. ओल्डहॅम यांनी १८९३मध्ये सरस्वती आणि वाळवंटातली हरवलेली नदी यांवर लेखच लिहिला. पंच्याहत्तरी उलटलेले ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन १९४०-४१च्या सुमारास घग्गर-हाक्रा या नदीच्या (अनेक अभ्यासक हिलाच सरस्वती मानतात) कोरड्या पात्राकाठची प्राचीन स्थळं शोधत फिरले.

‘हडप्पा काळात दुथडी’: इथे खरा पुरावा आहे, आणि तो वाळूत आहे. कुठल्या डोंगरातून आले हे कण सांगतात. शेवटचं ऊन कधी पाहिलं हेही त्यांच्यावरून काढता येतं. २०१७चा आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांचा अभ्यास म्हणतो, कालीबंगन या राजस्थानातल्या हडप्पाकालीन शहराजवळच्या घग्गरच्या पात्रातून पूर्वी सतलज वाहायची, पण सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच ती दूर सरकली. म्हणजे शहर वसलं ते मोठ्या नदीने सोडलेल्या, पुराचं भय नसलेल्या खोऱ्यात. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१९मध्ये वेगळा निष्कर्ष काढला: सुमारे ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी सतलजच्या फाट्यांमुळे घग्गर बारमाही होती. हा वाद अजून मिटलेला नाही. मला तो मेसेजमधल्या छातीठोक वाक्यांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. पण दुसरा निष्कर्ष धरला तरी हडप्पाची शहरं ऐन भरात असतानाच तो बारमाही प्रवाह ओसरत होता.

‘नदी आटली म्हणून शहरं उठली’: मोहेंजोदडो सिंधूच्या काठी होतं. सिंधू आटली नाही, तरी तेही ओस पडलं. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून पाऊसमान घटत गेलं, त्याचाही हिशेब धरावा लागतो.