आयटीतली नोकरी ‘सेटिंग’ने मिळते? त्या मेसेजला उत्तर

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की इंजिनिअरिंगच्या मुलांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या पालकांच्या, ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. मोठ्या आयटी कंपन्यांत सगळं आधीच ठरलेलं असतं, मुलाखत हा नुसता देखावा. फाडफाड इंग्रजी येत नसेल तर गावाकडच्या पोरांनी वेळ घालवू नये. शंभरातले पंचाहत्तर रेझ्युमे माणसाने बघण्याआधी मशीनच फेकून देतं. एकदा आत शिरलं की जन्माची चिंता मिटते, म्हणून दोन लाख गेले तरी चालतील, बॅकडोअरने घुसा.

मी पुण्यात अशाच एका मोठ्या कंपनीच्या फ्रेशर (नुकत्याच पास झालेल्या, अनुभव नसलेल्या मुलांच्या) भरतीत मुलाखतीच्या पॅनेलवर बसत आलोय, म्हणून हे लिहितोय.

‘सगळं आधीच ठरलेलं असतं.’ 2021-22 या आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे 1 लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने 85 हजार. एवढ्या पोरांची सेटिंग लावायला तेवढे मामा-काका आणायचे कुठून? त्यानंतर दोनच वर्षांनी, 2023-24 मध्ये, इन्फोसिसने घेतलेल्या फ्रेशरचा आकडा 11,900 वर आला आणि टीसीएसची एकूण कर्मचारीसंख्या 13 हजारांहून अधिकने घटली. कॉलेजं तीच होती, अभ्यासक्रम तोच होता, कुणाचे कोण आत बसलेत तेही फारसं बदललं नव्हतं. बदललं ते अमेरिका-युरोपातल्या क्लायंटकडून येणारं काम. एका वर्षी वर्गातला कुंथत पास होणारा मुलगाही लागतो आणि दुसऱ्या वर्षी दहापैकी नऊ ग्रेड पॉइंट मिळवणारी मुलगी घरी बसते, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. पण ‘यंदा मागणी नाही’ असं नातेवाइकांना सांगण्यापेक्षा ‘सेटिंग होती’ सांगणं सोपं जातं, हेही खरं.

रेफरल, म्हणजे आतल्या कर्मचाऱ्याने केलेली शिफारस, असतं, नाकारत नाही. अनुभवी उमेदवाराचा अर्ज त्याने लवकर बघितला जातो. फ्रेशरला मात्र ऑनलाइन परीक्षा चुकत नाही. टीसीएसची एनक्यूटी ही अशीच भरतीची परीक्षा 2018 पासून चालू आहे, आणि तिथे कॉलेजच्या नावाऐवजी स्कोअर बघतात. अन्यायच शोधायचा असेल तर तो पात्रतेच्या अटीत शोधा. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे 60 टक्के हवेत, अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात. बारावीच्या वर्षी घरात आजारपण निघालं आणि 58 टक्के पडले, तर पुढे इंजिनिअरिंगला पहिला आलेला मुलगाही त्या फॉर्मच्या पुढे सरकत नाही. यावर कुणी मेसेज करत नाही.

‘इंग्रजी येत नाही तर जाऊ नका.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पॅनेलवर आम्ही काय विचारतो? फायनल इयरचा प्रोजेक्ट काय होता, त्यात तुझा भाग कोणता, दोन टेबलांचा जॉइन लिहून दाखव, अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्टमध्ये फरक काय, हा छोटा कोड कुठे फसेल. ‘सर, आय मेड डेटाबेस पार्ट. फर्स्ट वन टेबल, देन डेटा रिपीट, सो टू टेबल’ असं अडखळत सांगणारा मुलगा मला पुरतो. टेबल का तोडलं हे त्याला कळलंय, आणि नॉर्मलायझेशनची (तोच डेटा पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून टेबल तोडण्याची) व्याख्या घडाघड म्हणणाऱ्या कित्येकांना ते कळलेलं नसतं.

पडतात ते वेगळेच. प्रोजेक्ट विकत घेतलेला असतो आणि ‘लॉगिन पेजवर चुकीचा पासवर्ड टाकला तर काय होईल?’ या प्रश्नालाच गाडी थांबते. किंवा सगळी उत्तरं ‘आम्ही केलं’ अशी येतात आणि ‘तू काय केलंस?’ विचारलं की शांतता. किंवा रेझ्युमेत जावा, पायथन, मशीन लर्निंग, क्लाऊड सगळं लिहिलेलं आणि पायथनमध्ये लिस्ट उलटी करता येत नाही. त्या माणसाचं इंग्रजी बरेचदा उत्तम असतं, क्लास लावलेला असतो, ‘दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन, सर’ने सुरुवात होते. आम्ही पॅनेलवाले या वाक्याला आता घाबरतो.

इंग्रजी लागतच नाही असं मी म्हणत नाही. क्लायंटशी बोलावं लागतं, मेल लिहावे लागतात, आणि परीक्षेतही इंग्रजीचा भाग असतो. व्याकरण चुकलं तरी समोरच्याला मुद्दा कळला पाहिजे, एवढीच अपेक्षा फ्रेशरकडून असते. वाक्य अडलं तर ‘सर, वन मिनिट’ म्हणून कागदावर आकृती काढा. मी ती आनंदाने बघतो.

‘मशीन 75 टक्के रेझ्युमे फेकतं.’ हा आकडा अमेरिकेतून आलाय. त्याचा माग काढणारे प्रेप्टेल नावाच्या एका कंपनीपाशी पोचतात. तिचा धंदाच रेझ्युमे मशीनला आवडेल असा करून देण्याचा होता, आणि ती 2013 मध्ये बंदही पडली. आकड्यामागे अभ्यास कोणताच नाही. आज तोच आकडा वापरून आपल्याकडे ‘एटीएस-फ्रेंडली’, म्हणजे अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला चालतील असे, रेझ्युमे विकले जातात. कॅम्पसच्या मुलाला तर त्याची चिंता करायचंही कारण नाही. तिथे गाळणी लागते ती फॉर्ममधल्या टक्क्यांची आणि परीक्षेची. एका पानाचा, साध्या फॉन्टचा, शुद्धलेखन तपासलेला रेझ्युमे घेऊन या, बास.

‘एकदा आत शिरलं की झालं.’ 2022 मध्ये इन्फोसिसची ऑफर मिळालेल्या काही मुलांना रुजू व्हायला 2024 उजाडलं. त्याच तुकडीतल्या तीनशेहून अधिक जणांना फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या ट्रेनिंग सेंटरमधून घरी पाठवलं, कारण ते अंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झाले, असं कंपनीचं म्हणणं. विप्रोने 2023 च्या सुरुवातीला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं होतं. ऑफर लेटर हातात पडल्यावर पेढे जरूर वाटा, कर्ज मात्र रुजू झाल्यावर काढा.

आता बॅकडोअर. इथे मेसेजवाल्याकडे एक पुरावा असतो, तो म्हणजे 2023 चं टीसीएस प्रकरण. ते खरंच घडलं. भरतीशी संबंधित गैरवर्तनावरून कंपनीने 16 जणांना काढलं आणि कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या सहा संस्थांवर बंदी घातली. पण आरोप काय होता ते वाचा. या पुरवठादार संस्थांकडून आतल्या अधिकाऱ्यांनी कमिशन घेतल्याचा. लातूरच्या बापाने हिंजवडीच्या एजंटला दोन लाख दिले आणि पोरगा फ्रेशर म्हणून आत गेला, असं त्यात कुठेही नाही.

एजंट देतो काय, तर खोटं अनुभवपत्र किंवा खोटं ऑफर लेटर. अनुभवपत्र तपासायला आता फार काही लागत नाही, पीएफच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या खाते क्रमांकावर, कुठल्या कंपनीने किती महिने पैसे भरले ते दिसतं. 2022 मध्ये अ‍ॅक्सेंचरने भारतात अशीच खोटी कागदपत्रं दिलेल्या कर्मचाऱ्यांना काढलं, तेही रुजू होऊन कामाला लागल्यावर. खोटं ऑफर लेटर त्याहून लवकर उघडं पडतं. पत्र जीमेलवरून येतं, मुलाखत टेलिग्रामवर होते आणि लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी म्हणून आधी पैसे मागितले जातात. कुठलीही मोठी कंपनी उमेदवाराकडून एक रुपया घेत नाही, आणि हे बहुतेकींच्या करिअर पेजवर लिहिलेलं असतं. पैसे गेलेच असतील तर लाजेने महिना घालवू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.