संशोधक बाजू घेतो म्हणून संशोधन बाद ठरते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ आरन बेल्किन यांच्या कामावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा आहे की बेल्किन हे अभ्यासक नसून चळवळीचे कार्यकर्ते आहेत; समलैंगिकांना अमेरिकी सैन्यात उघडपणे सेवा करता यावी हा निष्कर्ष त्यांनी आधी ठरवला आणि पुरावे नंतर गोळा केले. दुसरा आक्षेप असा की तुकडीची लढण्याची ताकद जवानांच्या परस्परविश्वासावर उभी असते आणि विद्यापीठात बसलेल्या प्राध्यापकाला ती कळणे शक्य नाही. शेवटी आपण विचारले आहे की हेच सारे मला भारतीय लष्करात आणायचे आहे का.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला पूर्णपणे मान्य आहे. बेल्किन यांनी 1998 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संकुलात जे केंद्र सुरू केले आणि जे पुढे पाम सेंटर म्हणून ओळखले गेले, त्याचा हेतू धोरणावर प्रभाव पाडण्याचाच होता आणि सैन्यातील समलैंगिकांवरची बंदी उठल्यावर 2011 मध्ये त्यांनी आपली रणनीती स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. मात्र बाजू घेणे हा दोष मानायचा असेल तर तो दोन्हीकडे मानावा लागेल. समलैंगिकांनी आपली ओळख लपवली तरच त्यांना सैन्यात राहू देणाऱ्या 1993 च्या ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ (विचारू नका, सांगू नका) धोरणाची मांडणी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते चार्ल्स मॉस्कोस हेही विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञच होते आणि त्या धोरणाचे समर्थनही ते जाहीरपणे करीत. मॉस्कोस यांच्या युक्तिवादाला शास्त्र म्हणायचे आणि बेल्किन यांच्या युक्तिवादाला प्रचार, हे मला पटत नाही. दोघांचीही विधाने एकाच कसोटीवर तपासायला हवीत: जे होईल असे सांगितले, ते झाले का?

या कसोटीसाठी साहित्य भरपूर आहे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांनी 1992 मध्ये, इस्राएलने 1993 मध्ये आणि ब्रिटनने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी 2000 मध्ये निर्बंध उठवले. बेल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चारही देशांचा अभ्यास केला आणि सैन्याच्या कार्यक्षमतेत घट झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ‘अमेरिका वेगळी आहे’ असे यावर म्हणता येते आणि तसे म्हटलेही गेले. म्हणूनच 2010 मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, स्वतः घेतलेले सर्वेक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुमारे 4 लाख सैनिकांना प्रश्नावली पाठवली गेली आणि सुमारे 1 लाख 15 हजारांनी ती भरून दिली. सुमारे 70 टक्क्यांनी बंदी उठवण्याचा परिणाम चांगला, संमिश्र किंवा शून्य असेल असे सांगितले. आपल्या बाजूने जाणारी माहितीही याच अहवालात आहे, कारण मरीन कोअरच्या लढाऊ तुकड्यांतील निम्म्याहून अधिक जणांना वाईट परिणामाची भीती वाटत होती. पण आपला एखादा सहकारी समलैंगिक आहे असे ज्यांना वाटत होते आणि त्याच्यासोबत ज्यांनी प्रत्यक्ष काम केले होते, त्यांच्यापैकी 92 टक्क्यांनी तुकडीची एकत्र काम करण्याची क्षमता उत्तम, चांगली किंवा मध्यम असल्याचे नोंदवले. भीती आणि अनुभव यांतील हे अंतर कोणत्याही कार्यकर्त्याने निर्माण केलेले नाही.

परस्परविश्वासाच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण आपल्या प्रतिक्रियेचा गाभा तोच आहे. रॉबर्ट मॅककून यांनी 1993 मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: माणसे एकमेकांना आवडणे आणि एका कामाशी सर्वांची बांधिलकी असणे. कामगिरीशी संबंध दिसतो तो मुख्यतः दुसऱ्या गोष्टीचा. 2006 मध्ये मॅककून, एलिझाबेथ कियर आणि बेल्किन यांनी लढाईतील प्रेरणेसंदर्भात हाच प्रश्न पुन्हा तपासला. शेजारचा जवान कोणावर प्रेम करतो हे आवडत नसूनही त्याच्या भरवशावर पुढे जाणारा सैनिक ही विसंगती नाही. सर्व जातिधर्मांच्या जवानांना एकत्र ठेवणारी आपली फौज याच तत्त्वावर चालत आली आहे.

बंदीच्या खर्चाचे आकडे फुगवलेले असावेत, हा आपला संशय मात्र मला योग्य वाटतो. अमेरिकी संसदेच्या लेखापाल संस्थेने 2005 मध्ये काढलेला, बडतर्फ केलेल्यांच्या जागी नवी भरती आणि प्रशिक्षण करण्याचा दहा वर्षांचा खर्च 19 कोटी 5 लाख डॉलर होता, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नावाने काम केलेल्या आयोगाने पुढच्याच वर्षी तो 36 कोटी 38 लाखांवर नेला. दुसरा आकडा चळवळीला सोयीचा होता, म्हणून मी पहिलाच वापरतो. तोही लहान नाही, आणि त्या काळात परकीय भाषा जाणणारे 322 जण काढून टाकले गेले, हेही त्याच सरकारी अहवालात आहे. या धोरणाखाली एकूण 13,000 हून अधिक माणसांची नोकरी गेली.

बंदी 20 सप्टेंबर 2011 रोजी संपली. तत्पूर्वी 2009 मध्ये हजाराहून अधिक निवृत्त जनरल-अ‍ॅडमिरलांनी तिच्या समर्थनार्थ निवेदनावर सह्या केल्या होत्या. बंदी संपल्यावर वर्षभराने बेल्किन यांच्या गटाने त्यांतील 553 जणांशी संपर्क साधून त्यांची भाकिते खरी ठरली का, हे विचारले. या गटात लष्करी अकादमींचे प्राध्यापकही होते. सज्जतेवर, भरतीवर किंवा शिस्तीवर एकंदर वाईट परिणाम झाल्याचे त्यांना आढळले नाही. ज्याला केवळ प्रचार करायचा असतो तो विजयानंतर विरोधकांचे पुरावे शोधत फिरत नाही, आणि बेल्किन यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो प्रामुख्याने या कारणासाठी.

भारताविषयी थोडक्यात. कलम 377 बाबतचा सप्टेंबर 2018 चा निकाल, लष्करी कायदा आणि सशस्त्र दलांच्या मूलभूत अधिकारांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला देणारे घटनेचे कलम 33, यांचा मेळ आपल्याकडे अजून बसायचा आहे. जानेवारी 2019 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी लष्करात हे चालू देणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. अमेरिकी आकड्यांवरून त्यांचे मत खोडावे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे अभ्यास व्हावा, तो लष्कराने स्वतः करावा आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी तो प्रसिद्ध करावा, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणतो.

2011 नंतर एखाद्या तुकडीची कामगिरी या बदलामुळे घसरल्याचा अहवाल आपल्याकडे असल्यास तो जरूर पाठवावा. मी तो वाचून स्वतंत्र लेखात त्याची दखल घेईन आणि आपली मूळ प्रतिक्रियाही त्यासोबत जशीच्या तशी देईन.