नंबर बोला

एकशे नव्वद रुपयांची प्लास्टिकची चप्पल. पावसाळी. चिखलात जायची, शेवाळावरून घसरायची, गणपतीपर्यंत टिकली तर उपकार म्हणायचे. ती घ्यायला माझा मोबाईल नंबर कशाला लागतो?

परवा वेंगुर्ल्याच्या बाजारात गेलो. चप्पल घातली, चार पावलं चालून बघितली, पैसे काढले. रोख. मुद्दाम रोख नेतो मी, सुट्ट्यांसकट. गल्ल्यावरचा पोरगा मान वर न काढता म्हणाला, "नंबर बोला."

म्हटलं, नाही देत.

आता मात्र मान वर आली. मी चप्पल डोक्यावर घालून बघत असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, सिस्टीम पुढे जात नाही."

सिस्टीम! बारा वर्षं कोड लिहून पोट भरतोय मी. सिस्टीम काय आकाशातून पडते? कुणीतरी खुर्चीत बसून, चहा ढोसत, त्या रकान्यापुढे 'भरल्याशिवाय सुटका नाही' अशी लाल चांदणी लावलेली असते. आमच्या आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर लांबीच्या चपला वाहतात. रात्री त्या घालून तो गाव राखत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्याला विचारून दाखवा नंबर.

"दहा वेळा नऊ टाक," म्हटलं. त्याने टाकले. स्क्रीनवर नाव आलं: एबीसी. जुने ग्राहक. पॉइंट ३,४१२.

म्हणजे माझ्याआधी अर्ध्या तालुक्याने हेच केलंय! या एबीसीने बायकांच्या सँडल घेतल्यात, पोरांचे शाळेचे बूट घेतलेत, एक फुटबॉलचा जोडसुद्धा घेतलाय. मला भरून आलं. पण पोरगा म्हणाला, "हा नंबर मालकांनी बंद करायला सांगितलाय, सर. ते ओरडतात."

एवढ्यात मागून आवाज. "अरे, तू सड्यावरच्या मास्तरांचो झील मा? वाद कित्याक घालतंस? तुझो नंबर आसा माझ्याकडे. थांब."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि मासळीचा लिलाव पुकारावा तशा आवाजात माझा नंबर वाचला. एकेक आकडा सुटा. पोराने तो टाईप केला. मग खात्रीसाठी परत मोठ्याने वाचून दाखवला, या खेपेला माझ्या नाव-आडनावासकट. "बरोबर?" काका म्हणाले, "बरोबर." मला कुणी विचारलंच नाही. मी एका पायात नवी, एका पायात जुनी चप्पल घालून उभा.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. त्या नवांतला एकही जण आमच्या काकांच्या पुढे रांगेत उभा राहिलेला नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. त्याच वर्षी डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. शपथ. तारखांसकट. मागे सात माणसं. तो म्हणाला, "पिशवी देऊ?"

मोचेमाडची घाटी उतरेपर्यंत तीन मेसेज. चपलांचा सेल, बिनतारण कर्ज आणि टाचदुखीवर उपाय. एरवी त्या वळणावर आईचा फोन लागत नाही. टाचदुखीला मात्र रेंज असते!

आणि विषय निघालाच आहे तर मावशीच्या अंगठ्याचंही बोलून टाकतो. मावशीने बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. त्या चिकाने बोटांच्या रेघाच खाऊन टाकल्यात, हात बघितलात तर कागदासारखे गुळगुळीत. रेशनच्या केवायसीला गेली. अंगठा लावला, पुन्हा लावा. पदराला पुसून लावला, पुन्हा लावा. खोबरेल चोळून लावला. मग दुसरा अंगठा, मग सगळी बोटं, लाईनीतल्या बायका सुचवतील ती. शेवटी डोळ्याचं मशीन आहे तिथे जा म्हणाले, म्हणजे तालुक्याला, म्हणजे एक खाडा. तिच्याच गावात, तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसापुढे, ती ती नाही असं डबीएवढं यंत्र सांगतं आणि तो माणूस यंत्राचं ऐकतो. आणि आमच्या धंद्यातले दीडशहाणे म्हणतात, बोटाचा ठसा म्हणजे सगळ्यात पक्की किल्ली. अहो, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

चुलतभावाच्या होमस्टेचं तर काढूच नका. त्याच्या फोनात आंब्यांच्या पेट्या, वाडीची जत्रा आणि मधेमधे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची आधार कार्डं, पुढून-मागून. चार आकडे झाकलेलं... नव्हे, आठ झाकलेलं आणि चार दाखवणारं आधार मिळतं, असं मी त्याला तीनदा सांगितलं. "लपवण्यासारखा असा काय त्यात?" म्हणे. टॉर्चच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट हवेत. आणि एक महाभाग मला मीटिंगमध्ये म्हणाला, आम्ही नंबर हॅश करून, म्हणजे ओळखू न येणाऱ्या अक्षरांत बदलून ठेवतो, काळजी नको. सॉल्ट, म्हणजे बदलण्याआधी नंबरात मिसळायची चिमूटभर वेडीवाकडी अक्षरं? नाही. दहा आकडी नंबर, माझा जुना लॅपटॉपसुद्धा काही मिनिटांत सगळ्या नंबरांचे हॅश काढून, जुळवून मोकळा होईल. १९३० साली ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या माणसाला हे अळणी हॅश वाढतात!

असो. इथे एक गोष्ट कबूल करावी लागेल, नाहीतर माझ्या ऑफिसातलं कुणी वाचेल आणि हसेल.

गेल्या वर्षी असाच एक बिलाचा फॉर्म मी लिहिलाय. सड्यावर, काजूच्या झाडाखाली बसून, कारण रेंज तिथेच. ग्राहक म्हणाला, नंबर सक्तीचा करा. मी गोपनीयतेवर पाच मिनिटं बोललो. तो म्हणाला, तुम्ही करताय की दुसऱ्याला देऊ? लाल चांदणी मीच लावली. घराच्या कौलांचं कर्ज चालू आहे. आणि नुसती चांदणी नाही, एकच आकडा दहा वेळा आला तर नाकारायची ओळसुद्धा न सांगता घातली. वर खूश होतो स्वतःवर. परवा त्या दुकानात एबीसी दिसला तेव्हा सगळ्यात आधी मनात काय आलं असेल? किती कच्चं काम आहे!

घरी पोचलो तर आई पडवीत. "एकशे नव्वद दिलंस? पलीकडच्या दुकानात दीडशेक मिळतत." हिला कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. ना सर्व्हर, ना ॲप, आणि माझ्या रिक्षाच्या आधी बातमी घरात.

काल रात्री काकांचा फोन. वाटलं, वाईट वाटलं असेल बिचाऱ्यांना. "झिला, त्या दुकानात माझे पॉइंट किती झाले ता जरा बघून सांग मरे. तू कॉम्प्युटरवालो."

बघितले. त्यासाठी त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी मला वाचून दाखवला. पडवीतून, लिलावाच्या आवाजात, दोनदा.