एक तारा देणाऱ्या ग्राहकाला: टॅग, ग्रुप आणि आम्ही मागितलेले कागद

नमस्कार. तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. डेन्व्हरकडची बरीच मराठी मंडळी आता शिकारीकडे वळली आहेत, तीही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: आपल्याच माणसाच्या, म्हणजे माझ्या, शिकारीच्या सामानाच्या दुकानात बंदुकीची पावडर घेताना व्हिसा आणि परवाना विचारला, अर्जाच्या मदतीचे पैसे देऊनही एल्कचा (इथल्या मोठ्या हरणाचा) टॅग, म्हणजे एक प्राणी मारायचा सोडतीत लागणारा सरकारी परवाना, लागला नाही, हँडलोडिंगच्या (स्वतः काडतुसं भरण्याच्या) वर्गात रायफलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचा पसारा, उलट वाढला, तुमचं ब्रास (काडतुसाची पितळी नळी) आम्ही मोडीत काढलं, उघडलेली पावडर परत घेतली नाही, आणि बूट चावले.

आधी कागदांचं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात नुसतं भरलेलं काडतूस नाही, तर रिकामं ब्रास, प्रायमर (बार पेटवणारी टोपी), बुलेट आणि पावडर हे सगळंच दारूगोळ्यात मोडतं. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. यातून सुटण्याचे जे मोजके मार्ग आहेत, त्यांतला आपल्या लोकांच्या उपयोगाचा एकच: कुठल्याही राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. कोलोरॅडोचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो. तुम्ही एप्रिलमध्ये आलात आणि दाखवलात तो आदल्या वर्षीचा. काउंटरवरच्या मुलानं नवा मागितला, तुम्ही फोनवर काढून दाखवलात, पाच मिनिटांत माल हातात मिळाला. याला तुम्ही अपमान म्हणता. अहो, हा नियम मोडला तर माझ्या दुकानाचं लायसन्स जाईल, पण तुमचा अमेरिकेतला मुक्कामच धोक्यात येईल. ओळखीचा असो वा नसो, व्हिसावर असलेल्या प्रत्येकाला आम्ही हे विचारतो आणि पुढेही विचारणार.

टॅगबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राला न्यू मेक्सिकोत हीलाच्या जंगलात पहिल्याच वर्षी टॅग लागला, मग आमच्याकडून अर्ज भरून काय मिळवलं? न्यू मेक्सिकोत पॉइंट, म्हणजे टॅग न लागलेल्या वर्षांचे साठणारे गुण, ही भानगडच नाही. तिथे ८४ टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरबरोबर (व्यावसायिक शिकार-वाटाड्याबरोबर) जाणाऱ्यांना आणि ६ टक्के बाहेरच्यांना. पण दरवर्षी पाटी कोरी, त्यामुळे नवख्यालाही लागू शकतो. मित्राचं मनापासून अभिनंदन. कोलोरॅडोत एल्कसाठी पॉइंटची रांग आहे. ज्याचे पॉइंट जास्त, त्याला आधी. तुमच्याकडे दोन पॉइंट होते आणि तुम्ही पहिली पसंती युनिट २०१ला (युनिट म्हणजे शिकारीसाठी आखलेला विभाग) दिलीत, जिथे वीसहून जास्त पॉइंट साठवलेले लोक उभे आहेत. तुमच्या अर्जाच्या प्रतीवर ‘यंदा शक्यता नाही’ असं आम्ही लिहून दिलं होतं. दुसरी पसंती म्हणून साधं युनिट सुचवलं होतं, कारण दुसऱ्या पसंतीत टॅग लागला तर पॉइंट खर्च होत नाहीत. ती जागा तुम्ही रिकामी ठेवलीत. आमचे पैसे या अभ्यासाचे आहेत, टॅग राज्य देतं. तुमचे पॉइंट आता तीन झालेत. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनचा नर एल्कचा परवाना बऱ्याच युनिटांत ड्रॉशिवाय काउंटरवर मिळतो. यंदा रिकाम्या हातानं बसायची काहीच गरज नाही.

आता ग्रुप, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. तुम्ही आणलेल्या टार्गेटवर १०० यार्डांवर ०.६ इंचाचा ग्रुप होता, तीन गोळ्यांचा. वर्गात त्याच ६.५ क्रीडमोर रायफलनं, त्याच लोडनं (पावडर-बुलेटच्या त्याच मापानं) आम्ही तुम्हाला दहा गोळ्या झाडायला लावल्या आणि ग्रुप १.४ इंच आला. रायफल बिघडली नाही, लोडही नाही. तीन गोळ्यांच्या सरासरी ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा दहा गोळ्यांचा सरासरी ग्रुप येतो, हे साधं गणित आहे. त्यात तुम्ही जपून ठेवलेलं टार्गेट अनेकांमधलं सर्वांत चांगलं. पावडर ०.२ ग्रेननं (ग्रेन हे पावडर मोजायचं बारीक वजन) वाढवत प्रत्येक पायरीला तीनच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत लहान ग्रुप दिसला तो लोड पक्का करायचा, या पद्धतीत लोकांचे महागडे प्रायमर वाया जाताना मी रोज बघतो. तुमचा १.४ इंच ३०० यार्डांवर सव्वाचार इंचांच्या आसपास होतो. एल्कच्या छातीतला मर्माचा भाग दहा इंचांच्या घरात असतो. म्हणजे रायफल शिकारीला पुरेशी आहे. कमी पडेल तो दहा हजार फुटांवर, धापा टाकत, गुडघ्यावर कोपर टेकून मारायचा सराव, आणि त्यासाठी बेंच (रायफल टेकवून मारायचं टेबल) सोडावा लागतो.

ब्रासचं मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. साइझिंग डाय (वापरलेलं ब्रास पुन्हा मापात दाबणारा साचा) शेलहोल्डरला (ब्रासचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून वर पाव आटा फिरवायची तुमची सवय. त्यामुळे दर वेळी ब्रासचा खांदा (मानेखालचा उतार) एक-दोन हजारांश इंच सरकायच्या ऐवजी आठ हजारांश मागे जात होता. बार उडाला की ब्रास पुन्हा ताणलं जातं, आणि बुडाच्या थोडं वर पातळ होत जातं. तुमच्या ब्रासवर तिथे चकचकीत कडं दिसत होतं. पेपरक्लिपचं टोक वाकवून आत फिरवायला दिलं, तेव्हा ते खाचेत अडकलेलं तुमच्याच बोटांना जाणवलं. ते ब्रास आणखी एका बाराला फाटलं असतं आणि गरम वायू बोल्टमधून (रायफल मागून बंद करणाऱ्या दांड्यातून) तोंडावर आला असता. तुम्ही हो म्हणालात, मगच आम्ही ते पक्कडीनं चेपलं.

उघडलेली पावडर कुणाचीच परत घेत नाही. एच ४३५० आणि व्हार्गेट या दोन पावडरींच्या बारीक कांड्या नजरेनं ओळखू येत नाहीत, आणि व्हार्गेट जास्त वेगानं जळते. बाटलीत काय आहे याची खात्री सील तुटल्यावर संपते.

बूट कडक चामड्याचे आहेत, महिनाभर रोजच्या वापरात घाला. तरी टाच घासलीच तर घेऊन या, रुंद साचा बघू.

हँडलोडिंगच्या पुढच्या वर्गाला तुम्हाला फी नाही. येताना तुमची डाय आणि घरातलं उरलेलं सगळं ब्रास आणा, सेटिंग एकत्र बसून करू. तोवर त्यातलं एकही भरू नका.