काळा कोट शिवायला टाका, उन्हाळा जवळ आलाय

चाळिशी उलटली आहे, हिंजवडीला जाण्या-येण्यात रोज अडीच तास जातात, आणि परवा सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या ठरावावर तुम्ही सलग चाळीस मिनिटं बोललात. तेव्हा समोरच्या विंगमधले निवृत्त काका म्हणाले, "अहो, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं." ते वैतागून म्हणाले होते. पण तुम्ही त्याच रात्री लॉच्या सीईटीचा फॉर्म भरलात. उत्तम. नुसत्या वाद घालण्यावर वकिलीची सनद मिळत असती, तर पुण्यात अशील म्हणून कोणी उरलंच नसतं, पण ते जाऊ द्या.

पहिल्यांदा घरच्यांची तयारी करा. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीचे ४५ टक्के पुरतात हे त्यांना सांगू नका, फार सोपं वाटतं. त्याऐवजी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या, १९२४ सालच्या आयएलएसचं नाव घ्या. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश तिथलेच, हेही सांगा. तुमचा प्रवेश भले दुसऱ्याच कॉलेजात होईना, रस्ता तर तुम्हाला माहीत आहे! सासरे फारच कुरकुरले तर टिळकांना पुढे करा. लोकमान्यांनी १८७९ साली एलएलबी केलं आणि १९०८ च्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडताना ते जवळपास एकवीस तास बोलले. त्या बोलण्यानंतर मंडालेची सहा वर्षं मिळाली, हा तपशील सासऱ्यांना आठवेपर्यंत फी भरून टाका.

वडिलांच्या कपाटातली जुनी कायद्याची पुस्तकं मात्र रद्दीत घाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आपल्या लाडक्या चारशेवीसचं कलम ३१८ झालं. 'तीनशेअठरा माणूस आहे तो' असं म्हणून बघा बरं. काही वजन येतं का?

मग सनद. त्याची फी कायद्यात लिहिलेली आहे, ७५० रुपये. तेवढीच घ्या, त्यावर घेऊ नका, हे वकिलांच्याच संस्थांना सांगायला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. या धंद्याला मरण नाही ते असं. आणि हो, पूर्णवेळ पगाराची नोकरी ठेवून वकिली करता येत नाही. तेव्हा राजीनामा द्या. हप्ते बँकेला कळवून थांबत नाहीत, हा तुमचा कायद्याचा पहिला धडा.

आता लॉ फर्म. मुलाखत घेणारी पार्टनर एकतीस वर्षांची असेल. तिला "मॅडम" म्हणायचं, आणि ती तुम्हाला "सर" म्हणणार नाही. पैशांचं विचारायचं धाडस झालंच, तर बार कौन्सिलचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक काढा. शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० असं त्यात आहे. मॅडम हसून दाखवतील की ती शिफारस आहे. 'द्यावेत' आणि 'दिलेच पाहिजेत' यांत किती अंतर असतं, हे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं तिथे कळतं.

काम टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी कागदोपत्री तपासण्याचं मिळेल. मुळशीतल्या एका गटाचा तीस वर्षांचा शोध. सातबारे, नोंदणी कार्यालयातले इंडेक्स टू आणि मालकी बदलल्याच्या हाताने लिहिलेल्या नोंदी, म्हणजे फेरफार. शाई उडालेली, कोपऱ्यात तलाठ्याचा शिक्का तिरपा. तीन दिवस डोळे फोडल्यावर तुम्हाला दिसेल की वडील वारले तेव्हा वारसांत दोन मुलगे, तीन मुली आणि विधवा होती. पुढच्या फेरफारात मुली दोनच आहेत. मधली कुठे गेली? हक्कसोडपत्र नाही, मृत्यूची नोंद नाही, काही नाही. तुमचा हात थरथरेल, कारण आयुष्यात पहिल्यांदा असं काही सापडलेलं असेल ज्यात खरोखर एक माणूस आहे. तुम्ही धावत मॅडमकडे जाल. त्या म्हणतील, "गुड कॅच. निरीक्षणांच्या रकान्यात टाका." मग तुम्ही वेळेची नोंद भराल. ती सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत असते आणि एक्सेलमध्ये असते. होय, तेच एक्सेल. तुमचे बावीस तास बिलात चार होतील.

कोर्टात जायची हौसही भागेल. 'जिल्हा न्यायालय' हे मेट्रो स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे. वर येईपर्यंत पुकारा होऊन गेलेला असतो. तिथे तुमचे खरे साहेब म्हणजे सिनिअरचे कारकून. पंचवीस वर्षं शिवाजीनगरला काढलेला हा गृहस्थ तुम्हाला "वकीलसाहेब" म्हणेल आणि हातात दाभण देईल. हिरवट लेजर पेपरचा गठ्ठा, त्याला डाव्या बाजूने भोक, त्यातून दोरा. "साहेब, गाठ मागून. पुढून मारली की परत येतं." निशाणी पाचवर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, युक्तिवाद करायला तुम्ही रात्रभर जागून अकरा मुद्दे काढलेले असतील. न्यायाधीश मान वर न करता विचारतील, "से दाखल आहे?" से म्हणजे समोरच्या पक्षाचं लेखी म्हणणं. तुम्ही पहिला मुद्दा सुरू कराल तेवढ्यात सिनिअरचा बूट तुमच्या बुटावर येईल. पुढची तारीख. चाळीस मिनिटं बोलणाऱ्या माणसाला एकूण चार शब्द मिळाले, त्यातले दोन "हो सर".

उच्च न्यायालय हवं असेल तर सव्वासातची डेक्कन क्वीन आहेच. खंडपीठाची मागणी पुण्याने वर्षानुवर्षं लावून धरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं कोल्हापूरला. यावर पुण्यात काही बोलू नका. तांबडा रस्साही मागवू नका.

दोनेक वर्षांनी एका रविवारी ते समोरच्या विंगमधले काका भाडेकरार घेऊन येतील. "जरा नजर टाका, तुमचं काय, दोन मिनिटांचं काम." करार नोंदवलेला नसेल. अकरा महिन्यांचाच तर आहे, त्याला नोंदणी लागत नाही, असं त्यांच्या मेव्हण्याने सांगितलेलं असेल. तुम्ही म्हणा, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. कितीही महिन्यांचा असो, नोंदणी लागते, आणि जबाबदारी घरमालकाची, म्हणजे काका, तुमची. मग ते चाळीस मिनिटं बोलतील. मेव्हणा मंत्रालयात होता, इथपासून सुरुवात होईल. तुम्ही मध्ये बोलू नका. चहा तुमच्याच घरचा असेल.

ते गेल्यावर सवयीने एक्सेल उघडाल. सहा-सहा मिनिटांचे सात तुकडे. अशिलाच्या रकान्यात काय लिहायचं, ते सोमवारी कारकुनांना विचारा.